दोन सूत खाली

सरळ पट्टी ही फार चुगलखोर वस्तू आहे. गाडीचं दार लटकलेलं असेल, बॉनेट एका अंगाला झुकलेलं असेल, मडगार्ड कधीकाळी बैलगाडीला घासून मग ठोकून सरळ केलेलं असेल, तरी नुसत्या रंगावर ते वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. त्यावरून धातूची एक चकचकीत पट्टी आडवी नेली की गल्लीतलं शेंबडं पोरही थांबून सांगतं, "वाकडं शे."

पट्टी लावायची म्हणजे गाडी नटवायची आणि तिचे दोष झाकायचे, असा सार्वत्रिक समज आहे. धुळ्याच्या ज्या गॅरेजात आमची जुनी पिकअप उभी केली, तिथल्या मिस्त्रींनी तो पहिल्याच भेटीत निकालात काढला. गाडीभोवती एक फेरी मारली, दोन्ही दारं उघडून-मिटून पाहिली आणि म्हणाले, "ताई, पट्टी लावाले येळ नई लागत. दारं लावाले लागस."

गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. शेवरोलेटची अर्ध्या टनाची ३१००. कागदावरचं साल पुसट झालंय, पण वाचता येणाऱ्याला ते दारावरच वाचता येतं. खिडकीच्या पुढच्या कोपऱ्यात हवेसाठी उघडणारी तिकोनी काच आहे, ती या पिकअपला १९५१ पासून मिळाली. आणि दाराचा हँडल खाली वळवायचा आहे. बटण दाबून उघडणारा हँडल १९५२ मध्ये आला. म्हणजे गाडी १९५१ ची. या घराण्याचं हे रूप अमेरिकेत जून १९४७ मध्ये बाजारात आलं. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा जोडणीचा कारखाना १९२८ पासून होता. पेट्यांतून सुटे भाग यायचे आणि गाडी इथे उभी राहायची. पुढे सरकारचं धोरण बदललं, गाडी इथेच बनवा, नुसती जोडू नका, आणि १९५४ मध्ये कंपनीने इथला गाशा गुंडाळला. आमची गाडी त्या शेवटच्या वर्षांतली.

तिने अमळनेरच्या बाजूला जिनिंगमध्ये कापूस नेला, कांदे नेले, गावच्या शाळेचे बाक नेले, एका पुरात माणसंही नेली. कापूस वाहायला ती तशी गैरसोयीची, कारण कापूस वजनाआधी जागेनेच गाडी भरून टाकतो. पण अण्णांना ती आवडायची, आणि आवडीपुढे हिशेब लावायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

पट्टीवरून वाद सुरू झाला तो भाच्यामुळे. तो पुण्यात असतो, जुन्या गाड्यांचं त्याला वेड आहे, आणि वेडाबरोबर येणारा कडवेपणाही आहे. त्याचं म्हणणं, कंपनीने या गाडीला अशी पट्टी दिलेलीच नव्हती, तेव्हा ती लावणं म्हणजे गाडी बिघडवणं. त्याची माहिती बरोबर आहे. या पिकअपच्या महागड्या केबिनला पुढच्या काचेभोवती आणि खिडक्यांना चकचकीत किनार मिळायची; बॉनेटपासून केबिनच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत खिडकीखालून धावणारी पट्टी मात्र कंपनीची नाही. पण आमच्याकडे एक फोटो आहे. गाडी लळिंगच्या किल्ल्याखाली आग्रा रोडच्या कडेला उभी आहे, अण्णा मडगार्डवर हात ठेवून, आणि त्यांच्या कमरेच्या वरून ती पट्टी सरळ मागे गेली आहे. ती त्यांनी स्वतः बसवून घेतली होती.

मी भाच्याला उलट विचारलं, की तुझ्या त्या अस्सल गाडीची समोरची जाळी रंगवलेली का असते? त्याला उत्तर माहीत होतं, म्हणून तो गप्प झाला. कोरियाचं युद्ध सुरू होतं. निकेल आणि क्रोम युद्धाच्या कामी लागत होतं, त्यामुळे त्या सुमारास या पिकअपवरची चकाकी कमी करून अनेक भागांना साधा रंग फासला गेला. म्हणजे ज्याला तो अस्सल साधेपणा म्हणतो, तो मुळात टंचाईचा साधेपणा. अमेरिकेत जे कापलं गेलं ते अण्णांनी खानदेशात, स्वतःच्या खिशातून, थोडं भरून काढलं. यात बिघडवणं कुठे आलं? कायद्याचीही अडचण नाही. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम आले, त्यांत चॅसिस, बॉडी शेल आणि इंजिन यांत मोठे फेरफार नकोत असं आहे. बाजूच्या पट्टीने त्यातलं काही बदलत नाही.

तेव्हा पट्टी लागणार हे ठरलं. कशाची लावायची, हा पुढचा प्रश्न.

अण्णांची मूळ पट्टी ॲल्युमिनियमची होती आणि ती पत्र्याच्या स्क्रूंनी थेट अंगात पिळलेली होती. ती कधीच गेली, भोकं राहिली. प्रत्येक भोकातून गंजाचा तांबडा ओघळ खाली आलेला. भोक पाडलं की पत्र्याची कच्ची कड उघडी पडते. तिला प्रायमर न लावता स्क्रू पिळला तर पाणी तिथे मुक्कामालाच येतं. शिवाय दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मध्ये ओल, म्हणजे त्यातला एक झिजणारच. ॲल्युमिनियम आणि लोखंडाच्या जोडीत बहुधा ॲल्युमिनियम आधी जातं. पांढरी भुकटी होऊन खरवडत जातं. रंग निघाल्यावर लोखंडही मग एकटंच गंजत बसतं.

नवी पट्टी म्हणून मुंबईहून जुन्या अमेरिकन कारच्या अंगावरून उतरवलेल्या स्टेनलेसच्या पट्ट्या मिळाल्या. पोचे पडलेल्या, पण जिवंत. त्या घेऊन मी भांड्यांना पॉलिश करणाऱ्याकडे गेले, तर त्याने आधी चुंबक काढलं. चुंबक टचकन चिकटलं. "ताई, फसवलं तुम्हाला," तो म्हणाला, "हे स्टील नाही." स्वयंपाकघरातल्या स्टीलपुरतं त्याचं ज्ञान पक्कं आहे, ताट-वाट्यांच्या चांगल्या स्टीलमध्ये क्रोमियमसोबत निकेल असतं आणि त्याला चुंबक जवळजवळ धरत नाही. पण गाड्यांच्या पट्ट्यांसाठी पूर्वीपासून ४३० जातीचं स्टेनलेस वापरतात. त्यात सोळा-सतरा टक्के क्रोमियम असतं, निकेल जवळपास नसतं, आणि चुंबक त्याला खुशाल चिकटतं. मी त्याला हे सांगितलं, त्याने मान डोलावली. पटलं नाही हे चेहऱ्यावर दिसत होतं.

पोचा काढायचं काम मात्र त्याच्या हातचं नव्हतं, ते मिस्त्रींनीच केलं. पट्टी उलटी करून कडक लाकडाच्या ठोकळ्यावर धरायची आणि आतून अगदी छोट्या हातोडीने, बोटभर उंचीवरून, टिकटिक करत पोचा उठवायचा. जोरात एक मारण्यापेक्षा हळू वीस. मधूनच पट्टी सुलटी करून बारीक कानस फिरवायची. कानस जिथे लागत नाही तिथे अजून खळगा आहे. मग ४०० चा वॉटर पेपर, ६००, हजार, दोन हजार, आणि शेवटी बफ, म्हणजे पॉलिशचं फिरतं कापडी चाक. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बहुधा ॲनोडायझिंगचा, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने चढवलेला टणक थर असतो, तो आधी रासायनिक उतरवल्याशिवाय पॉलिश घेत नाही. स्टेनलेस आतबाहेर एकच, घासाल तितकं आत तेच. बफवर लांब पट्टी धरणं हे धोक्याचं काम आहे, हे इथे सांगून ठेवते. चाकाने कडेचा कोन पकडला की पट्टी हातातून हिसकावून फेकली जाते. पट्टीची कड नेहमी चाकाच्या फिरण्याच्या दिशेला, चाकापासून लांब जाणारी ठेवायची. पॉलिशवाल्याने त्याच्या सहाय्यकाला लांब उभं केलं तेव्हाच मलाही कळलं की आपणही लांब उभं राहावं.

आता दारं.

दार कसं तपासायचं ते मिस्त्रींनी मला करायला लावलं. दार अर्धं उघडायचं, खालच्या कडेला दोन्ही हात घालून वर उचलायचं आणि डोळा बिजागरीवर ठेवायचा. दार उचललं जातं पण बिजागरी जागची हलत नाही, मधेच खटखट होते, तर पिन झिजली. सत्तर वर्षं माणसांनी उघड्या दाराला लोंबकळत केबिनमध्ये चढायचं काम केलं होतं. ड्रायव्हरचं दार मागच्या टोकाला दोन सूत खाली होतं. धुळ्याच्या गॅरेजात मिलिमीटर अजून पाहुणा आहे; इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, आणि कारागीर सुतात बोलतात, पाव सुतात भांडतात. दोन सूत म्हणजे सव्वा सहा मिलिमीटरच्या किंचित वर. रंगावर ते दिसत नव्हतं. पट्टीवर दुरून ओरडून दिसलं असतं.

मला वाटलं, पिना बदलल्या की झालं. त्यांनी पिना बदलल्या आणि दार वर आलं, पण आता पुढच्या वरच्या कोपऱ्यात फट बंद होऊन दार चौकटीला घासायला लागलं. दाराची चौकटच तिरकी होती. चौकट तिरकी, कारण केबिन ज्या रबरांवर चॅसिसवर बसते, त्यातली एका बाजूची रबरं दगड होऊन चपटी झाली होती. म्हणजे आधी रबरं. रबरं बदलून, बोल्टखाली पत्र्याच्या चकत्यांचं पॅकिंग घालून केबिन सरळ केली, मग दारं चौकटीत बसवली, मग दारांशी मडगार्डं मिळवली, आणि सगळ्यांत शेवटी बॉनेट. या क्रमात एक पायरी गाळली की पुढच्या सगळ्या खोट्या पडतात. बॉनेट दाराआधी बसवलं असतं तर दार हललं की बॉनेटही पुन्हा सोडावं लागलं असतं.

मी त्या काळात गॅरेजात खुर्ची टाकून बसायचे. बाहेर आग्रा रोडवर ट्रक, आत ग्राइंडर. पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर पडलेली, आणि चार माणसं अशा कामात बुडालेली ज्याचं पट्टीशी काही नातं आहे हे बाहेरच्याला कळलं नसतं. पैसेही तिथेच गेले. पट्टी, पॉलिश, क्लिपा यांचं बिल एकीकडे आणि "दार सेटिंग" या दोन शब्दांचं बिल एकीकडे. मला ते मुळीच खटकलं नाही. दार मिटताना पूर्वी डबा आपटल्यासारखा आवाज यायचा, आता एका बोटाने ढकललं की बंद होतं. पट्टीचं निमित्त नसतं तर हे काम मी कधी काढलंच नसतं.

नको असलेली जुनी भोकं पुटीने बुजवायची नाहीत, यावर मिस्त्री ठाम होते. भोकात पुटी भरली की आतल्या बाजूने ओल येते, पुटी फुगते आणि रंगाखाली फोड येतो. भोक वेल्डिंगने भरायचं, तेही थेंबाथेंबाने, पत्रा गार होऊ देत. नाहीतर उष्णतेने पत्रा आकसतो आणि सरळ दारावर खळगा पडतो. मग घासून, प्रायमर, रंग. रंग पुरता सुकून कडक झाल्यावरच पट्टीची पाळी.

रेघ आखायच्या दिवशी मी लेव्हलची बाटली नेली होती. मिस्त्रींनी ती बाजूला ठेवली. गॅरेजची जमीन सपाट नाही, टायरमधली हवा सारखी नाही, आणि पिकअपची पाठ रिकामी असताना मुळातच थोडी वर असते. लुगड्याचा काठ जमिनीला समांतर नसतो, बाईच्या चालीला असतो. तसं पट्टीने गाडीच्या अंगाला धरून राहायचं. त्यांनी बारीक टेप बॉनेटपासून मागच्या कोपऱ्यापर्यंत एका दमात ओढली. तुकडे जोडत गेलं की प्रत्येक तुकड्यात हात थोडा वळतो. मग ते रस्त्यापलीकडे जाऊन उकिडवे बसले. परत आले, पुढचं टोक केसभर खाली केलं, पुन्हा पलीकडे. मी टेप घेऊन खिडकीच्या कडेपासूनचं अंतर मोजलं आणि म्हटलं, दोन्हीकडे सारखं आहे की. ते म्हणाले, "टेपले नका इचारू ताई, डोयाले इचारा." आणि खरंच, पत्रा मधे फुगीर असल्यामुळे मोजमापाने सरळ असलेली रेघ मधोमध खचल्यासारखी दिसत होती. ती मधे जरा उचलली, तेव्हा सरळ दिसायला लागली.

भोकं पाडणं हा मला वाटला होता तितका थरारक प्रकार नाही. रेघ एकदा ठरली की पंच मारायचा म्हणजे ड्रिल घसरत नाही, आधी बारीक भोक, मग मापाचं. कडेचा बुरा काढायचा आणि लगेच प्रायमर. पट्टीच्या पाठीला जी खोबण असते तिच्यात क्लिपा सरकवलेल्या असतात. जिथे आतून हात पोचतो, म्हणजे दारात आणि बॉनेटमध्ये, तिथे बोल्टाची क्लिप आणि आतून नट. केबिनच्या मागच्या कोपऱ्यात हात जात नाही, तिथे भोकात दाबून अडकणारी क्लिप. प्रत्येक क्लिपेभोवती सीलंट, पट्टी आणि रंग यांच्यामध्ये प्लॅस्टिक, आणि नट फक्त बसेल इतकाच. आवळायची हौस केली की बोल्टाभोवती पट्टीला खळगा पडतो आणि उन्हात तो लांबूनही दिसतो.

दारातल्या दोन गोष्टी आधी पाहाव्या लागतात. एक, काच खाली घेऊन. आत आलेले बोल्ट लांब असतील तर काचेला चरा पडतो किंवा काच अडते. ते आधीच कापून घ्यावे लागले. दुसरी, दार उघडताना त्याची बिजागरीकडची कड आत वळते, आणि पट्टी अंगापासून पाऊण-एक सेंटिमीटर पुढे आलेली असते. पुढच्या पट्टीच्या टोकाशी पुरेशी फट ठेवली नाही तर पहिल्यांदा दार उघडताना दोन्ही टोकं एकमेकांना मारतात. आम्ही एक सूत फट ठेवली. बंद दारावर ती दिसते. दिसू दे.

फटीचं दुसरं कारण आपलं हवामान, आणि तिथे खानदेशाने स्वतःचा एक अध्याय जोडला आहे. जळगाव, भुसावळकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसपर्यंत जातो, उन्हात उभ्या गाडीचा गडद पत्रा सत्तरच्या आसपास तापतो. जानेवारीच्या पहाटे हाच पत्रा दहावर. साठ अंशांचा फरक. एवढ्या फरकाला लोखंडाचा पत्रा मीटरमागे सुमारे ०.७ मिलिमीटर वाढतो, ॲल्युमिनियम सुमारे १.४. म्हणजे अण्णांच्या पट्टीला दर उन्हाळ्यात मीटरमागे पाऊण मिलिमीटरच्या जवळपास जागा कमी पडायची. ऐकायला काहीच नाही. पण मीटरभर पट्टीची दोन्ही टोकं घट्ट धरली आणि तिला एवढीच जास्तीची लांबी दिली, तर मधोमध ती दीड सेंटिमीटरहून थोडी जास्तच बाहेर येते. मी कागदावर गणित करून पाहिलं, विश्वास बसेना, पुन्हा केलं. मिस्त्रींना गणिताची गरज नव्हती. "उन्हायामा ती वाढस," ते म्हणाले. "दोन्हीकडथीन आवयी धरी, मंग ती कथी जाई?" जुन्या पट्टीचे मधले स्क्रू का उपटले गेले असतील, ते मला तेव्हा कळलं.

४३० स्टेनलेस याबाबतीतही बरं. ते पत्र्याच्या जवळपासच, किंबहुना किंचित कमी वाढतं, त्यामुळे दोघांची ओढाताण होत नाही. तरीही आम्ही पट्टीची मधली एकच क्लिप पक्की केली, बाकीच्यांना खोबणीत मागेपुढे सरकायची मोकळीक ठेवली. दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोमची टेप हा सोपा उपाय आजकाल सगळे सुचवतात. ती वाईट नाही, पण तिलाही शिस्त लागते: पत्रा एकवीस ते अडतीस अंशांच्या दरम्यान असावा, स्वच्छ पुसलेला असावा, आणि पूर्ण पकड यायला बहात्तर तास द्यावेत. आपल्याकडे मे महिन्यात अडतीसच्या खाली पत्रा शोधायचा तर पहाटे उठावं लागतं. आम्ही थंडी संपता संपता काम केलं.

भाचा होळीला आला. गाडीभोवती फिरला, पट्टीच्या रेषेवरून एक डोळा मिटून पाहिलं, दार उघडून एका बोटाने लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. पट्टीबद्दल काही बोलला नाही. दाराबद्दल मात्र बराच वेळ बोलत होता, बिजागरीच्या पिना कुठून आणल्या वगैरे. मग त्याच्या लक्षात आलं की मागचा फाळका कोराच आहे, आणि स्टेनलेसचा एक तुकडा अजून कपाटावर उरलाय. आता एवढं केलंच आहे तर तिथेही लाव, असं त्यानेच सुचवलं. ज्याला पट्टी मुळात नको होती, त्याने.

मी नाही म्हटलं. माल बांधायचा दोर फाळक्यावरूनच जातो, पहिल्याच फेरीत पट्टीचं टोक उचकटेल.

"मावशी, आता या गाडीत माल कोण भरणार आहे?"

"वैशाखात घरात लग्न आहे," मी म्हटलं. "मांडवाचे बांबू काय तुझ्या पुण्याच्या गाडीतून आणायचे?"